पांढऱ्या तोंडाचा उतारा

सोमवार, ३ जून

पॅकीमामाला जाऊन आज महिना झाला. त्याच्या नावाची मास, मयतासाठीची प्रार्थना, झाली. चर्चमध्ये अठरा माणसं होती, त्यातली निम्मी तरी नंतरच्या चहा-सँडविचसाठी आलेली. मामा असता तर त्याने नावासकट सांगितलं असतं कोण ते.

आता त्याचा उतारा माझ्याकडे आहे. आमच्या भागात तोंड पांढरं पडलं, जिभेवर बुरशी धरली, की माणसं पॅकीकडे यायची, त्याच्या आधी त्याच्या आत्याकडे. पुरुषाकडून बाईला, बाईकडून पुरुषाला असाच तो जातो. शेवटच्या आठवड्यात मामाने मला दवाखान्यात जवळ बोलावून कानात सगळं सांगितलं, पानं, मापं, नियम. पानं कोणती ते कोणाला सांगायचं नाही अशी मामाची शपथ, म्हणून इथेही लिहीत नाही. काढा करायचा, गाळायचा, मध घालायचा. नऊ सकाळी उपाशीपोटी तोंडात घोळवायचा आणि गिळायचा. ज्याचं दुखणं त्याने स्वतः यायचं, देणाऱ्याने बोलवायला जायचं नाही. पैसे नाहीत, आभार नाहीत. नऊ दिवसांत डॉक्टरचं औषध नाही, नाहीतर दोन्ही वाया.

मामा म्हणायचा, आलेल्या माणसांची कुठे नोंद ठेवू नये. पण एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढलेल्या बाईचा हात लिहिल्याशिवाय राहत नाही. पोस्ट बंद करून तीन वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या दाराशी फारसं कोणी येत नाही, हेही इथे लिहून टाकते.

मंगळवार, ११ जून

असुम्प्ता गिल्हीनी ही शनिवारी पहिली आली. नवी कवळी बसवल्यापासून टाळूला लाल-पांढरे चट्टे. मी मामाने सांगितलं तसंच केलं, शिवाय रात्री कवळी काढून काढ्यात बुडवून ठेव म्हणून बजावलं. आज चौथा दिवस आणि तोंड लहान मुलासारखं स्वच्छ! निघताना "थँ..." म्हणून तिने जीभ चावली. आता ही बाई दुकानात, चर्चमध्ये, केस कापायला बसली तरी माझंच नाव घेणार. घेऊ दे. मला आवडेल.

शनिवार, १५ जून

सकाळी सातला दार वाजलं. उघडलं तर लॉर्कन.

लॉर्कन माझा भाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, चौपन्नचा. गल्लीच्या टोकाला आईच्या घरात एकटा राहतो. आईने घर आणि सगळी जमीन त्याला ठेवली, मला रस्त्याकडेचा तुकडा, ज्यावर हे माझं घर आहे. मी बोलले, तो बोलला, आणि मग सात वर्षं आम्ही चर्चमध्ये दोन टोकांना बसलो.

"काय पोस्टमास्तरीणबाई, खिडकी उघडली का?" तो दारातूनच म्हणाला.

मी म्हटलं, तोंड उघड. त्याने उघडलं. जिभेवर दह्याची कवडी चिकटावी तसे थर. गालांच्या आतून, टाळूला, घशापर्यंत. दुखतं का विचारलं तर खांदे उडवले. पावसुद्धा गिळवत नाही म्हणाला, म्हणजे दुखतं.

काढा दिला. तो तोंडात घोळवत खिडकीबाहेर बघत राहिला, गिळला, टोपी उचलली आणि गेला. आभार मानायचे नसतात हे बरंच आहे. आम्हा दोघांनाही ते जमलं नसतं.

बुधवार, १९ जून

पाचवी सकाळ. आज तो चहाला थांबला. मी विचारलं नाही, तोच खुर्ची ओढून बसला. चार चमचे साखर घातली, आई ओरडली असती. चहाआधी पाण्याचा जग रिकामा केला, चहानंतर परत भरून घेतला. म्हणाला, दलदलीतून कापलेलं मातीचं जळण उलथून वाळत घालतोय, सगळं अंग सुकून जातं. एवढं काम एकट्याने करायचं म्हणजे होणारच.

आईची गोष्ट निघाली. घराची नव्हे, आईची. तिला पाद्रीबाबांसमोर शिंक आवरत नसे, ती. आम्ही हसलो. तो गेल्यावर मी बराच वेळ कप धुतले नाहीत.

शनिवार, २२ जून

जिभेच्या कडा थोड्या मोकळ्या झाल्यात. मध्ये तसंच. तोंड बघायला वाकले तर त्याच्या श्वासाला गोड वास, पिकलेली सफरचंदं कोंडून ठेवलेल्या खोलीसारखा. मध अंगी लागतोय. मामा म्हणायचा, मध पानांना आत घेऊन जातो. उतारा लागू पडतोय याची ही खूणच म्हणायची.

रविवार, २३ जून

नववी सकाळ. अर्धं गेलं, अर्धं राहिलं.

चहा पिताना लॉर्कन सहज म्हणाला, "परवा, मंगळवारी, कीव्हनी डॉक्टरकडे वेळ मिळालीय. औषधाच्या दुकानातली पोरगी फारच मागे लागली, एकदा रक्त तपासून घ्या म्हणून. जाऊ का गं?"

नऊ दिवस आज संपले. नियमाने तो मोकळा आहे. मी म्हटलं, उद्या सकाळी बघू.

असुम्प्ताचं चार दिवसांत गेलं. माझ्या स्वतःच्या भावाचं नऊ दिवसांत गेलं नाही, आणि आता तो कीव्हनीकडे जाऊन गोळ्या खाणार. सगळ्यांना कळेल. उतारा पॅकीबरोबरच गेला म्हणतील. ते तर म्हणतीलच. पण खरं लिहायचं तर मला आणखी एका गोष्टीचा विचार येतोय, बरा झाला तर तो परत कशाला येईल?

सोमवार, २४ जून

आज दुसरे नऊ सुरू केले.

त्याला म्हटलं, अर्ध्यावर सोडलं तर उलटतं, परत नऊ घ्यावे लागतील. आणि नऊ चालू असताना डॉक्टर नाही, हा नियम मी केलेला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "बरं." त्याने माझ्याच फोनवरून कीव्हनीच्या दवाखान्यात येत नाही म्हणून कळवलं. मी चुलीकडे तोंड करून उभी होते.

नियम म्हणजे नियम.

शुक्रवार, २८ जून

लॉर्कनची पँट कमरेवर राहत नाही. आज गवताचे गठ्ठे बांधायची निळी दोरी बांधून आला होता. मी म्हटलं, नवरी बघायला निघालास का? "हो, बारीक झालोय ना, घेईल कोणीतरी." खरंच बारीक झालाय. एकट्या माणसाचं जेवण ते काय असणार. उद्यापासून सकाळी अंडी आणि बेकन करणार आहे, काढ्यानंतर अर्ध्या तासाने. मामाने त्याला ना म्हटलं नव्हतं.

डाव्या पायाला रबरी बुटाने फोड आलाय. दाखवत होता, दुखत नाही म्हणाला. मी पट्टी लावली. लहानपणीसुद्धा त्याच्या गुडघ्याला मीच लावायचे.

आज तोंड कालच्यापेक्षा बरं दिसलं, आणि मला धस्स झालं. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, तिसऱ्यांदा लिहून ठेवतेय. देवा, मी काय बाई आहे!

मंगळवार, २ जुलै

दुसरे नऊ संपले. शुक्रवारचं बरं वाटणं खोटं होतं. आता ओठांच्या कोपऱ्यांनाही चिरा पडल्यात.

दिवसभर डोक्यात एकच. मामाने उतारा कानात सांगितला तेव्हा मी नीट ऐकलं नसेल का? की काही माणसांच्या हाताला गुण नसतोच? लहानपणी आई म्हणायची, डिम्फनाच्या हातून झाडसुद्धा लागत नाही. पानं नवी तोडली, काढा दाट केला, मध दुप्पट घातला. उद्यापासून तिसरे नऊ. तीन वेळा नऊ ही जुन्या लोकांची शेवटची मात्रा.

शनिवार, ६ जुलै

आयुष्यात असा उन्हाळा पाहिला नाही. डांबर वितळतंय. सगळा गाव आइसक्रीम खातोय आणि पाण्याबद्दल बोलतोय, त्यामुळे लॉर्कनच्या तहानेचं काही वाटत नाही. तो लाल लेमोनेडच्या, त्या गोड सोड्याच्या, मोठ्या बाटल्याच घेऊन फिरतो, घशाला तेवढंच गार लागतं म्हणाला. रात्रीतून पाच-सहा वेळा उठावं लागतं म्हणतो. एवढं पिल्यावर उठावंच लागणार.

आज पेपरातलं मयतांचं पान हात लांब करून वाचायला लागला, मग माझ्याकडे सरकवलं. "तूच वाच, कोण कोण गेलं." मी वाचलं. वय होतंय, चष्मा लागला म्हटलं. मी वाचत असताना त्याला बसल्या-बसल्या डुलकी लागली. तोंड थोडं उघडं, तोच गोड वास. मी वाचायची थांबले नाही, जाग येईल म्हणून.

सात वर्षांत एवढी माया माझ्या मनात कुठे होती कोण जाणे.

सोमवार, ८ जुलै

दवाखान्यातल्या बाकावर लिहितेय. हाताला दुसरं काम नाही.

सातला तो आला नाही. साडेसातला नाही. मी काढा गरम केला, गार झाला, परत गरम केला. आधी राग आला. एवढं करते मी याच्यासाठी आणि याला साधं उठवत नाही. मग मनात पाल चुकचुकली. पण देणाऱ्याने बोलवायला जायचं नाही. गेलं तर आतापर्यंतच्या तेवीसच्या तेवीस सकाळी फुकट जातात. गल्लीच्या टोकापर्यंत चारशे पावलं आहेत. मी नऊ वाजेपर्यंत दारात उभी राहिले.

मग गेलेच. मागचं दार उघडंच होतं. आईच्या स्वयंपाकघरात, फरशीवर, भिंतीला टेकून बसलेला. श्वास खोल आणि भराभर चाललेला, पळून आल्यासारखा. मी हाक मारली तर मला आई म्हणाला. भोवती लाल लेमोनेडच्या बाटल्या. मी फोन केला, पत्ता सांगितला, मग त्याच्याजवळ बसून त्याचं डोकं धरलं. अँब्युलन्समधल्या माणसाने बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राकडे बघितलं, आणि दुसऱ्याला दाखवलं.

आईचं घर सात वर्षांनी पाहिलं. काहीही हललेलं नव्हतं.

मंगळवार, ९ जुलै

साखर. त्याच्या रक्तात साखर आहे, इतकी की यंत्राला आकडा दाखवता आला नाही.

डॉक्टरीण तरुण आहे, सुदानची, आमच्या भागातली माणसं कशी बोलतात ते तिला आता चांगलं ठाऊक झालेलं दिसतं. बसून शांतपणे विचारत होती. तहान कधीपासून? वजन कधीपासून उतरतंय? मी म्हटलं, माझ्याकडे लिहिलेलं आहे, आणि पिशवीतून ही वही काढली.

मोठ्याने वाचायला लागले. पाण्याचा जग, तारीख एकोणीस. सफरचंदांचा वास, बावीस. निळी दोरी. पायाचा फोड, दुखत नाही. मयतांचं पान. एकेक वाक्य तोंडातून बाहेर पडत होतं आणि मलाच ऐकू येत होतं. ती तारखांवर खुणा करत होती. मी सगळं पाहिलं होतं. सगळं लिहिलं होतं, तारीखवार, नीटनेटकं. पोस्टात शिकलेली बाई ना मी.

चोवीस तारखेचं पान मी वाचलं नाही. दोन पानं एकदम उलटली.

काढ्यात काय होतं विचारलं. मामाच्या शपथेचा क्षणभर विचार आला आणि गेला. सेज, थाइम, ब्लॅकबेरीचे कोवळे कोंब. मध.

ती हसली नाही. म्हणाली, "पानांचा दोष नाही. सेज आणि थाइम या बुरशीला मारतात, प्रयोगशाळेत तपासलंय लोकांनी. कवळीखालच्या बुरशीला तुमचा काढा उपयोगी पडलाही असेल. पण तुमच्या भावाच्या तोंडातली बुरशी साखरेवर वाढत होती. एवढ्या लवकर, एवढी पसरली, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, हे सांगायलाच ती आली होती."

आणि मध, मी विचारलं.

"मधाने मधुमेह झाला नाही," ती म्हणाली. मग खुणा केलेल्या तारखांकडे बघून, "दोन आठवडे आधी आले असते तर बरं झालं असतं."

दोन आठवडे आधी म्हणजे पंचवीस जून. मंगळवार.

रविवार, १४ जुलै

शुद्धीवर आहे, जेवतो, शिरेतून औषध चालू. तोंडासाठी वेगळं औषध देतायत, जीभ गुलाबी व्हायला लागली.

पण पाय. बुटाचा फोड आत सडत गेला होता. डाव्या पायाची दोन बोटं शुक्रवारी काढली. माझी पट्टी काढली तेव्हा खाली काय होतं ते नर्सने मला बघू दिलं नाही.

असुम्प्ताचा फोन आला होता. बहिणीच्या सुनेचं तोंड आलंय, पाठवू का? मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे पाठव, रक्त तपासून घ्या, मग बोलू. ती म्हणाली, "पण मग उतारा चालणार नाही ना गं?" मी म्हटलं, नाही चालला तर नाही. संध्याकाळपर्यंत हे दुकानात पोचेल. मला आश्चर्य वाटलं की मला काहीच वाटलं नाही.

रात्री झोप येत नाही. मी त्याला सांगायला हवं. तो रागावला, परत तोंड बघणार नाही म्हणाला, तर तेही बरोबरच होईल.

रविवार, २१ जुलै

आज सांगितलं.

नर्स मला सुई टोचायला शिकवत होती. घरी गेल्यावर दिवसातून चार वेळा द्यावी लागेल आणि लॉर्कनला सुई बघवत नाही, गाईला टोचतो तरी तोंड फिरवून. संत्र्यावर तीनदा टोचून झालं, मग त्याच्या पोटावर. माझा हात थरथरला. "चल, टोच," तो म्हणाला. "लहानपणी चिमटे काढताना हात कापत नव्हता तुझा."

नर्स गेली. मी खुर्ची ओढली आणि भिंतीकडे बघत बोलायला लागले. नऊ दिवस रविवारी संपले होते, सोमवारी तू मोकळा होतास, मंगळवारी कीव्हनीकडे वेळ होती. नियम तुला अडवत नव्हता. मी अडवलं. अर्ध्यावर सोडलं तर उलटतं असं मामा कधीच बोलला नव्हता, ते माझ्या मनचं. नाव जाईल म्हणून केलं, आणि तू यायचा थांबशील म्हणून केलं. तुझी बोटं माझ्यामुळे गेली.

सगळं एका दमात बोलले. मग त्याच्याकडे बघायचा धीर होईना. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा घोड्यांच्या शर्यतीचा निकाल ऐकत होता, तो मीही ऐकला.

"मलाही नवापर्यंत मोजता येतं, डिम्फना," लॉर्कन म्हणाला.

मी वळले.

"त्या सोमवारी मी नुसतं दारातून सांगायला आलो होतो, संपले नऊ, आता जातो डॉक्टरकडे. माझ्या जिभेत फरक नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, जीभ माझी आहे."

मग आत का आलास, मी विचारलं.

तो चादरीखाली पाय हलवायला गेला, दुखलं असावं, थांबला.

"टेबलावर दोन कप काढून ठेवले होतेस तू," तो म्हणाला. "आधीच."

मी रडले, शेजारच्या म्हाताऱ्यासमोर, सगळ्या वॉर्डासमोर. त्याने माझा हात धरला नाही, आमच्यात तसं नाही. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. मी उठले नाही, आणि त्यानेही जा म्हटलं नाही.